रात्रीच्या स्क्रिप्टला झेड ड्राइव्ह का सापडत नाही, आणि पाथ लांब का भरतो

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात संगणकांचं सगळं बघणारे एक जण विचारतात: शेतकी विभागाचा डेटा विंडोज सर्व्हरवर आहे, डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नाही, सगळ्यांच्या मशीनवर तो झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला, म्हणजे जोडलेला आहे. रात्री एक वाजता टास्क शेड्युलरमधून एक बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) एक्सकॉपी या कॉपीच्या कमांडने झेडवरून नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, बॅकअप घेते. दिवसा डबल क्लिक केलं की चालते, रात्री मात्र ‘पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) सापडत नाही’. अ‍ॅडमिन म्हणून चालवली तरी तेच. शिवाय दिवसा चालवली तरी मधेच ‘मेमरी अपुरी आहे’ असं म्हणून थांबते. लाँग पाथची रजिस्ट्री सेटिंग करून पाहिली, फरक शून्य.

आधी तातडीचं. रॅम विकत घेऊ नका. हसू नका, मी घेतलेली पाहिली आहे. एक्सकॉपीला २५४ अक्षरांपेक्षा लांब पाथ भेटला की ती ‘मेमरी अपुरी’ असा संदेश देते. तिचा मेमरीशी काही संबंध नाही, पाथ लांब आहे एवढंच तिला म्हणायचं असतं.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला हे दोन वेगळे आजार वाटतायत, एक ड्राइव्हचा, एक लांबीचा. माझ्या मते आजार एकच आहे. ‘झेड:’ हा पत्ता नाहीच. ‘मारुतीच्या पारामागचं घर’ म्हटलं की आपल्या गावात पोरालाही कळतं. दुसऱ्या गावात जाऊन तेच म्हणा, तिथंही मारुती आहे, पार आहे, मागं घरही आहे, पण ते वेगळ्याच कुणाचं. ड्राइव्हचं अक्षर असंच असतं. कोण बघतंय, कुठून बघतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि पाथची लांबीसुद्धा त्यावरच ठरते.

अक्षराचं आधी घेऊ. मॅप केलेला ड्राइव्ह मशीनला चिकटलेला नसतो, लॉगऑन सेशनला चिकटलेला असतो. २००७ साली व्हिस्टाबरोबर यूएसी (वरचे अधिकार विचारूनच वापरू देणारी सोय) आलं तेव्हापासून अ‍ॅडमिन माणूस लॉगिन झाला की विंडोज त्याची दोन सेशन बनवतं, एक साधं आणि एक वरच्या अधिकाराचं. ड्राइव्ह मॅप झाला साध्यात. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं की तुम्ही दुसऱ्या सेशनमध्ये गेलात, तिथं झेड नाही. खात्री करायची तर दोन कमांड विंडो शेजारी शेजारी उघडा, एक साधी, एक अ‍ॅडमिन, आणि दोन्हीकडे ‘नेट यूज’ टाइप करा. एकीकडे झेड जोडलेला दिसेल, दुसरीकडे यादी रिकामी किंवा झेडपुढं ‘अनअव्हेलेबल’. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं समजावून सांगायची गरज उरत नाही.

यावर ‘एनेबललिंक्डकनेक्शन्स’ नावाची रजिस्ट्री सेटिंग सगळीकडे सांगितली जाते. ती १ केली आणि मशीन रीस्टार्ट केलं की दोन्ही सेशनना ड्राइव्ह दिसतो. खरं आहे, चालते. स्वतःच्या टेबलावरच्या मशीनसाठी वापरा हवी तर. पण तुमच्या रात्रीच्या टास्कला तिचा काही उपयोग नाही. ‘युजर लॉगऑन असो वा नसो चालवा’ असं टास्कमध्ये निवडलं की विंडोज त्या वेळी एक कोरं करकरीत सेशन बनवतं. त्यात कुणाचाच मॅप केलेला ड्राइव्ह नसतो, साधा नाही आणि अ‍ॅडमिनचाही नाही. तुम्ही दिवसा मॅप करून ठेवलेला झेड तिथं यायचा कुठून?

त्या टास्कच्याच पानावर ‘पासवर्ड साठवू नका’ अशी एक चौकट असते. तिथं टिक असेल तर टास्क फक्त त्या मशीनपुरतं चालतं, नेटवर्कवरच्या शेअरचं, म्हणजे वाटून दिलेल्या फोल्डरचं, दारच बंद. बरेच जण सुरक्षेच्या नावाखाली टिक करतात आणि मग तीन दिवस डोकं धरून बसतात. आणि टास्क ‘सिस्टीम’ खात्याने चालवायचा विचार असेल तर तोही सोडा. नेटवर्कवर सिस्टीम खातं मशीनच्या नावाने ओळख देतं. डोमेन असतं तर सर्व्हरने ती मानली असती. तुमच्याकडे वर्कग्रुप आहे, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती वेगळी, तिथं त्या ओळखीला कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर स्क्रिप्ट उचलून सर्व्हरवरच ठेवली असती. डेटा तिथंच आहे, मग तो दुसऱ्या मशीनवरून झेडच्या खिडकीतून ओढायचा कशाला? स्रोत स्थानिक डिस्कचा झाला की अर्धं भांडण मिटतं. नॅसकडे जाताना ड्राइव्हचं अक्षर वापरू नका, दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण पाथ लिहा. ओळखीसाठी सर्व्हरवर आणि नॅसवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं बनवा, टास्क त्या खात्याने चालवा. नावं-पासवर्ड जुळले की वर्कग्रुपमध्येही दार उघडतं, आणि बॅच फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहायची वेळ येत नाही. त्या खात्याला ‘बॅच जॉब म्हणून लॉगऑन’चा हक्क आहे ना, तेवढं लोकल सिक्युरिटी पॉलिसीत बघून घ्या.

एखादं जुनं सॉफ्टवेअर अक्षराशिवाय ऐकतच नसेल तर स्क्रिप्टच्या आतच ‘नेट यूज’ने मॅप करा, ‘/पर्सिस्टंट:नो’ लावा, काम झालं की काढून टाका. त्याच सेशनमध्ये जन्म, त्याच सेशनमध्ये शेवट. हाताने तपासताना १२१९ नंबरची एरर येईल कदाचित: एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी बोलता येत नाही. घाबरू नका, आधीचं कनेक्शन तोडा आणि पुन्हा करा. पॉवरशेलमध्ये ‘न्यू-पीएसड्राइव्ह’ वापरत असाल तर लक्षात ठेवा, ‘-पर्सिस्ट’ न लावता बनवलेला ड्राइव्ह फक्त पॉवरशेललाच दिसतो, त्यातून बोलावलेल्या रोबोकॉपीला (विंडोजच्या दुसऱ्या कॉपी कमांडला) नाही.

इथं माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत सर्व्हरवरच्या एका फोल्डरमधल्या जुन्या एक्सेल फाइली साफ करायची बॅच फाइल मी लिहिली. पहिली ओळ ‘सीडी’ करून सर्व्हरच्या शेअरमध्ये जायची, दुसरी ओळ सगळ्या एक्सेल फाइली डिलीट करायची. बॅच फाइल ठेवली अकाउंटंटच्या डी ड्राइव्हवर, त्याच्याच कामाच्या फोल्डरमध्ये. ‘सीडी’ला दोन बॅकस्लॅशचा पाथ चालतच नाही. ती एक ओळ कुरकुर करते आणि आहे तिथंच उभी राहते. बॅच फाइल मात्र थांबत नाही, पुढची ओळ चालवते. अकाउंटंटने डबल क्लिक केलं आणि त्याचंच फोल्डर धुऊन निघालं. कमांडने डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्येही जात नाही. ‘सर, माझ्या फाइली कुठं गेल्या हो?’ हा फोन मला आला तेव्हा मी बसमध्ये होतो. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं.

तेव्हापासून ‘सीडी’ऐवजी ‘पुशडी’ वापरतो. ती झेडपासून मागं मोजत एखादं मोकळं अक्षर स्वतःच शोधते, शेअर तिथं तात्पुरता मॅप करते, आणि ‘पॉपडी’ म्हटलं की काढून टाकते. आणि त्या ओळीच्या शेवटी न चुकता ‘|| एक्झिट /बी १’. जागेवर पोचलो नाही तर पुढं जायचंच नाही.

आता लांबी. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, त्यात ड्राइव्हचं अक्षर, कोलन, पहिला बॅकस्लॅश आणि शेवटचं न दिसणारं शून्य चिन्हही धरलेलं. म्हणजे हाती २५९. फोल्डर बनवताना त्याहून कमी, कारण आत निदान आठ-तीनच्या नावाची (आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं) एक फाइल मावली पाहिजे म्हणून बारा जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि मर्यादा २४८ वर येते.

तुमच्याकडे पाथ लांब भरतो कसा, ते मोजून दाखवतो. समजा सर्व्हरवर डी ड्राइव्हमध्ये ‘कारखाना’, त्यात ‘कार्यालयीन’, त्यात ‘शेतकी विभाग’ असं फोल्डर आहे आणि झेड थेट ‘शेतकी विभाग’वर मॅप केलाय. शेतकीच्या क्लार्कला दिसतं ‘झेड:\’, तीन अक्षरं. सर्व्हरच्या डिस्कवर तीच जागा सुरुवातीपासून मोजली तर ३४ अक्षरं. क्लार्कने झेडवर गळीत हंगाम, गट ऑफिस, गाव असं खाली खाली जात २४० अक्षरांची फाइल बिनतक्रार सेव्ह केली. त्याच्या बाजूने नियमात आहे. तीच फाइल सर्व्हरवर २७१ अक्षरांची झाली. झेडने लांबी झाकून ठेवली, आणि सर्व्हरवरच्या स्क्रिप्टच्या गळ्यात ती पडली. मॅप केलेला ड्राइव्ह आणि लांब पाथ हा एकच आजार म्हणतो तो यासाठी. म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरवर हलवा असं मी वर सांगितलं त्याने लांबीचं दुखणं वाढणार आहे, कमी होणार नाही. एक्सकॉपी सोडून द्यावी लागेल ती त्यामुळेच.

आपल्याकडे यात देवनागरीची भर. विंडोज अक्षरं मोजतं ती आपण मोजतो तशी नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाची वेगळी मोजणी. ‘कार्यक्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा: का, र्य, क्षे, त्र. विंडोजच्या हिशेबात बारा. ऊस नोंदीच्या फोल्डरांना सरकारी पत्रासारखी लांबलचक नावं द्यायची आपल्या लोकांना हौस, त्यात गावाचं नाव, गटाचं नाव, तारीख, ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन दुरुस्त’. चार-पाच पातळ्यांत २५९ भरायला काय लागतं?

आणि नॅस. नॅसच्या आत बहुधा लिनक्स असतं. तिथं पूर्ण पाथची मर्यादा बरीच सैल, पण एकेका नावाला २५५ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे एका फाइलच्या नावात फार तर ८५ चिन्हं. विंडोजवर एकेका नावाला २५५ चालतात. त्यामुळे शंभर चिन्हांचं मराठी नाव सर्व्हरवर सुखाने नांदतं आणि नॅसवर जाताना अडतं, तेवढंच लांब इंग्रजी नाव मात्र निघून जातं. लॉगमध्ये फक्त मराठी नावंच अडलेली दिसली तर पाथ मोजत बसू नका, शेवटचं नाव मोजा.

उपाय म्हणून रोबोकॉपी घ्या. तिला लांब पाथ मुळातच झेपतात, कुठली सेटिंग लागत नाही. तुमच्यासाठी ओळ साधारण अशी. मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहे, टाइप अर्थातच इंग्रजीत करा:

रोबोकॉपी "डी:\कारखाना" "\\नॅस\बॅकअप\कारखाना" /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सजे /यूनिलॉग+:"डी:\लॉग\रात्र.टीएक्सटी"

आर आणि डब्ल्यू विसरू नका. ते दिले नाहीत तर अडलेल्या एका फाइलसाठी रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबून. हिशेब केला तर ३४७ दिवस. कुणीतरी एक्सेल उघडी ठेवून घरी गेलं की तुमचा बॅकअप पुढच्या हंगामापर्यंत तिथंच. एक्सजे जंक्शनच्या (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्याच्या) चक्रात अडकू नये म्हणून. यूनिलॉग मराठी नावं लॉगमध्ये प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून. आणि अवतरण चिन्ह बंद करण्याआधी शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका: "डी:\" असं लिहिलं की तो बॅकस्लॅश अवतरण चिन्हालाच गिळतो आणि पुढची सगळी ओळ एकच पाथ समजली जाते.

रोबोकॉपी संपताना जो आकडा देते त्यात १ म्हणजे चूक नव्हे, फाइली कॉपी झाल्या. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. ८ किंवा वर गेला तरच काळजी. टास्क शेड्युलरमध्ये १ दिसला म्हणून काहींनी चांगला चाललेला बॅकअप बदललेला मी पाहिलाय.

/एमआयआर बद्दल मात्र दबकत बोलतो. मिरर म्हणजे स्रोतात जे नाही ते बॅकअपमधूनही पुसणं. स्रोत म्हणून ड्राइव्हचं अक्षर दिलंय, आणि त्या दिवशी त्या अक्षरावर कुणाचा पेनड्राइव्ह बसलाय किंवा दुसराच शेअर मॅप झालाय, तर रोबोकॉपी इमानदारीत तुमचा बॅकअप पुसून पेनड्राइव्हसारखा करून ठेवेल. पुन्हा तोच मारुतीचा पार. मिरर करायचाच असेल तर स्रोताच्या मुळाशी एक खुणेची फाइल ठेवा, आणि ती सापडली तरच पुढं जा अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला. एका ओळीचं काम आहे.

आता तुमची रजिस्ट्री सेटिंग. ‘लाँगपाथ्सएनेबल्ड’ ही सोय २०१६ साली विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीत आली. तिला दोन चाव्या लागतात: एक विंडोजची, जी तुम्ही फिरवली, आणि दुसरी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आत, की ‘मला लांब पाथ कळतात’. दुसरी चावी नसेल तर पहिली फिरवून उपयोग नाही. फाइल एक्स्प्लोररकडेच ती नाही. एक्सेलची तर स्वतःची वेगळी मर्यादा, पाथ आणि नाव मिळून २१८. म्हणून ही सेटिंग स्क्रिप्टसाठी ठेवा, पण तिच्या भरवशावर माणसांना लांब नावं ठेवू देऊ नका. पॉवरशेल ७ ने बनवलेलं खोल फोल्डर क्लार्कला उघडताही येणार नाही आणि पुसताही.

असं अडकलेलं फोल्डर पुसायचं असेल तर पाथच्या आधी \\?\ लावा, नेटवर्कचा असेल तर \\?\यूएनसी\ आणि पुढं सर्व्हरचं नाव. मर्यादा सुमारे ३२,७६७ वर जाते. पॉवरशेल ५.१ मध्ये ‘-लिटरलपाथ’ बरोबरच द्या, कारण नुसत्या ‘-पाथ’ला प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’ वाटतं. त्याच कारणाने चौकोनी कंस असलेल्या फाइलीही ‘-पाथ’मध्ये गुपचूप सुटून जातात.

या \\?\ ची एक गंमत आहे, आणि ती मराठी माणसालाच जास्त चावते. हे लावलं की विंडोज पाथची साफसफाई करत नाही, दिला तसा घेतं. एरवी नावाच्या शेवटचा टिंब ते गुपचूप कापतं. आपल्याकडे ‘औसा ता.’, ‘निलंगा ता.’ अशी टिंबाने संपणारी नावं ढिगाने. एक्सेलच्या यादीवरून साध्या कमांडने फोल्डरं बनवली तर टिंब गळतो, आणि नंतर यादीशी ताडून बघणारी स्क्रिप्ट म्हणते, फोल्डर नाही. \\?\ लावून बनवली तर टिंब राहतो आणि एक्स्प्लोरर ते फोल्डर उघडत नाही. यादीतूनच टिंब काढा.

दुसरी तशीच भानगड ‘शेतकऱ्यांची यादी’ची. एका कीबोर्डवरून ‘ऱ्य’ एका तऱ्हेने टाइप होतो, दुसऱ्यावरून मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, विंडोजला दोन वेगळी नावं. एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी दोन ‘शेतकऱ्यांची यादी’ दिसली तर व्हायरस नाही, दोन क्लार्क आहेत. स्क्रिप्टमध्ये असं नाव हाताने टाइप करू नका, फोल्डरच्या यादीतून उचला.

मराठी नाव स्क्रिप्टमध्ये लिहावंच लागलं तर बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण न ठेवता) सेव्ह करून पहिल्या ओळीत ‘सीएचसीपी ६५००१’ लिहा. पॉवरशेल ५.१ ची स्क्रिप्ट असेल तर उलट, बीओएमसकट. कोणी ठरवलं असेल हे, देव जाणे.

आज रात्री एवढंच करा. टास्क सध्या जसं आहे तसंच राहू द्या, फक्त बॅच फाइलच्या सुरुवातीला दोन ओळी घाला: ‘हूअ‍ॅमआय’ आणि ‘नेट यूज’, दोन्हींचं आउटपुट सी ड्राइव्हवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये. सकाळी ती फाइल उघडा. टास्क कुणाच्या नावाने चाललंय आणि यादीत झेड जोडलेला आहे का, ते बघा. मग स्क्रिप्ट सर्व्हरवर हलवायला घ्या.